लोहाच्या बाटलीतून लाल रंग येत नाही

कोल्हापुरात फिश टँक बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. टँकमधील वनस्पती लालभडक हव्या असतील तर लोहखत सढळ हाताने घाला, नायट्रेट शून्यावर आणा, गुलाबी प्रकाशाचा एलईडी लावा, सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) सिलिंडरवर पैसे घालवू नका. आणि एवढे करूनही रंग आला नाही, तर आपले पाणीच या परदेशी वनस्पतींना मानवत नाही असे समजा, असा त्याचा आशय आहे. यातील बहुतेक विधानांना सत्याचा थोडासा आधार आहे, आणि त्यामुळेच ती अधिक फसवी ठरतात.

पहिला मुद्दा लोहाचा. रोटाला आणि लुडविजिया या टँकमधील लाल वनस्पतींच्या पानांना लाली येते ती अँथोसायनिनमुळे, म्हणजे डाळिंबाच्या दाण्यांना आणि जांभळाला रंग देणाऱ्या द्रव्यांमुळे, आणि त्यांच्या घडणीत लोह नसते. लोह लागते ते हरितद्रव्य तयार होण्यासाठी. ते कमी पडले की शेंड्याची कोवळी पाने पिवळट पडतात, कारण जुन्या पानांत अडकलेले लोह वनस्पतीला नव्या पानांकडे सहजी वळवता येत नाही. अशी पाने दिसत असतील तर लोह अवश्य द्यावे. शेंडा निरोगी असेल तर आणखी बाटल्या ओतून तो लाल होणार नाही. शिवाय अनेक खतांतील लोह ईडीटीए या लोह धरून ठेवणाऱ्या रसायनाने बांधलेले असते आणि पाण्याचा पीएच ७च्या पुढे गेला की ते बंधन सैल होऊन लोह वनस्पतीच्या उपयोगाचे राहत नाही. अशा पाण्यात डीटीपीए या त्याच प्रकारच्या दुसऱ्या रसायनाने बांधलेले लोह तुलनेने अधिक टिकते. मात्रा दुप्पट करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

नायट्रेट, म्हणजे वनस्पतींना नायट्रोजन पुरवणारा क्षार, शून्यावर आणण्याचा सल्ला मी स्वतः एकदा पाळून पाहिला आहे. तीन आठवड्यांत रोटाला रोटुंडिफोलियाचे शेंडे खरोखरच गुलाबी झाले, परंतु त्याच टँकमधील अल्टरनँथेराची खालची पाने पिवळी पडून एकेक करून गळाली आणि शेवटी उघड्या काड्यांच्या टोकाला मूठभर पाने उरली. असे का व्हावे, याचे उत्तर भाजी मंडईत सापडते. अल्टरनँथेरा ही लाल माठाच्या कुळातील वनस्पती आहे. माठ धुताना परातीतले पाणी ज्याने गुलाबी होते, ते बीटालेन नावाचे रंगद्रव्य तिच्या पानांत असते, आणि बीटालेन तयार करण्यासाठी नायट्रोजनच लागतो. अँथोसायनिनच्या रेणूत मात्र नायट्रोजन नसतो. म्हणून नायट्रोजनची चणचण भासली आणि साखर शिल्लक राहिली की रोटाला ती साखर या रंगद्रव्याकडे वळवते. एकाच टँकमध्ये दोघी असतील, तर एकीला उपाशी ठेवून दुसरीला रंगवण्याचा हा उद्योग होतो. केवळ रोटालाचा टँक असेल तर नायट्रेट कमी ठेवण्यास माझी हरकत नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

गुलाबी एलईडीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. टोमॅटोच्या ढिगावर लाल ताडपत्री धरली की माल जसा पिकलेला दिसतो, तसाच हा प्रकार आहे. पानात रंगद्रव्य वाढते ते प्रामुख्याने प्रकाश प्रखर असल्यामुळे; पिंपळाची नवी पालवी उन्हात तांबूस असते, तीही अँथोसायनिनमुळेच.

प्रखर प्रकाशाबरोबर सीओटूचा प्रश्न येतोच. वनस्पतीच्या कोरड्या वजनात ४० टक्क्यांहून अधिक कार्बन असतो, तर उघड्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात सीओटू लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो, आणि हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून हौशी लोक तो लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास नेतात आणि दिवा लागण्याच्या तास-दोन तास आधी रेग्युलेटर सुरू करतात. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर मात्रा जास्त झाली असे समजून ती ताबडतोब कमी करावी. सिलिंडर नको असेल तर मध्यम प्रकाशात लुडविजिया रेपेन्स लावावी; ती लालभडक नाही तरी तांबूस होते. मात्र दिवा प्रखर ठेवून सीओटू टाळला, तर रंगाऐवजी बहुधा शेवाळ येते.

उरला पाण्याचा आणि परदेशीपणाचा मुद्दा. लाल वनस्पतींत सर्वांत नखरेल समजली जाणारी रोटाला मॅक्रँड्रा मुळात भारतातलीच आहे. पाण्याचे म्हणाल, तर ‘कोल्हापूरचे पाणी’ असे एकच पाणी नाही. माझ्या घरी केएचच्या, म्हणजे पाण्यातील कार्बोनेटांच्या चाचणीत (जितके थेंब जास्त, तितके कार्बोनेट जास्त) नळाच्या पाण्याने तीन थेंबांतच निळ्याचा पिवळा रंग धरला, तर अंगणातील बोअरच्या पाण्याला तेरा थेंब लागले. मॅक्रँड्रा पहिल्या पाण्यात ठेवावी. अल्टरनँथेरा आणि लुडविजिया रेपेन्स दुसऱ्यातही वाढतात. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांकडे सरकले की सीओटू कमी विरघळतो, त्यासाठी, पाणी थंड ठेवायला, पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा पुरतो.

‘पाणी मानवले नाही’ हा ग्रह बहुतेकदा लागवडीनंतरच्या पंधरवड्यात होतो. दुकानातील पुष्कळ रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात आणि त्यांची ती पाने पाण्याखाली गेल्यावर बहुधा झडतातच. ती झडली म्हणून काड्या उपटून टाकू नयेत. पाण्याखाली फुटलेल्या पानांच्या पहिल्या दोन-तीन जोड्या कोणत्या रंगाच्या आहेत ते पाहावे आणि मगच खताच्या बाटलीला हात लावावा.