मालकाल आठवतंच, पण बेंटिऊची मशीदही आठवा

नमस्कार. दक्षिण सुदानवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'संयुक्त राष्ट्रांचे सैनिक म्हणजे पगारी बघे. मालकालला काय दिवे लावले ते आठवा. आणि परक्यांच्या भांडणात आपली पोरं का मरावीत?' दोन ओळींत निभावणारा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मालकालबद्दल वाद नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या शहरातल्या संयुक्त राष्ट्रांच्या विस्थापित छावणीत हाणामारी पेटली, सरकारी सैन्याच्या गणवेशातले लोक कुंपणातून आत शिरले, तीसेक माणसं मेली, राहुट्यांच्या रांगाच्या रांगा जळाल्या. गोळी झाडायचा अधिकार आधीच हातात होता, तरी लेखी परवानगी मागत बसणारे संयुक्त राष्ट्रांचे सैनिक होतेच. त्याच जुलैत राजधानी जुबात त्यांची पुन्हा नाचक्की झाली. तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की-मून यांनी केनियाच्या फोर्स कमांडरला घरी पाठवलं, तर केनियाने चिडून आपलं सैन्यच काढून घेतलं!

पण तुम्ही मोजता फक्त कुंपणाच्या आतले मृत्यू. १५ डिसेंबर २०१३ ला जुबात गोळीबार झाला आणि यादवी सुरू झाली. नुएर जमातीच्या लोकांना सरकारी सैनिक घराघरांतून शोधून मारत होते, तेव्हा माणसं पोरंबाळं घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या फाटकावर आली. तळ सैनिकांपुरता बांधलेला. एवढ्या लोकांना ना पाणी पुरणार, ना संडास. तरी फाटक उघडलं. एप्रिल २०१४ चा एकच आठवडा बघा. बेंटिऊ शहरात मशिदीत आसरा घेतलेली दोनशेहून जास्त माणसं बंडखोरांनी मारली. दोनच दिवसांनी बोर शहरात निवेदन द्यायला आलोय असं भासवून सशस्त्र जमाव संयुक्त राष्ट्रांच्या तळात घुसला. आत पाचेक हजार विस्थापित होते. पन्नासच्या आसपास गेले, पण सैनिकांनी उलट गोळीबार करून जमाव हटवला. मशिदीच्या दारात बंदूक घेऊन उभं राहणारं कुणीच नव्हतं. त्या पावसाळ्यात बेंटिऊच्या छावणीत गुडघाभर पाणी साचलं, आया तान्ही मुलं हातांत धरून उभ्यानं झोपत होत्या. तरी लोक बाहेर पडेनात. बाहेर काय आहे ते त्यांनी पाहिलं होतं.

खरी मेख वेगळीच आहे. २०११ साली संयुक्त राष्ट्रांचं हे मिशन गेलं ते दक्षिण सुदानच्या नव्या सरकारला हात द्यायला, आणि माणसं मारत होते त्याच सरकारचे सैनिक. नागरिकांचं संरक्षण हे पहिलं काम, असं सुरक्षा परिषदेने ठरवलं ते मे २०१४ मध्ये.

आपल्या पोरांचं म्हणाल, तर अकोबो गावच्या तळावर दोन भारतीय जवान गेले. तळात लपलेल्या डिंका जमातीच्या लोकांना मारायला दोनेक हजार हत्यारबंद तरुण चालून आले होते, आणि जवान मूठभर. ते बघे नव्हते. माझी तक्रार आहे ती ठराव लिहिणाऱ्यांशी. चीन सोडला तर परिषदेच्या कायम सदस्यांपैकी कुणी तिथे पूर्ण बटालियन पाठवली नाही. पाठवली ती भारत, नेपाळ, रवांडा, इथिओपियाने.

राग काढायचाच तर पुढच्या गोष्टीवर काढा. २०२०-२१ मध्ये मालकाल सोडून बाकीच्या छावण्या सरकारकडे सोपवल्या. म्हणजे ज्यांच्या भीतीने लोक आत पळाले, पहारा आता त्यांच्याच पोलिसांचा. त्यावर लिहा, खाली पहिली सही माझी.