रोमला जाताय ना? मग ती मोठी बॅग माळ्यावरच राहू द्या

एप्रिल उजाडला की मला मेसेज यायला लागतात. "अगं, जूनमध्ये रोमला चाललोय, काय काय घेऊ?" सोबत यादीचा फोटो असतोच. यादी वाचून माझं एकच उत्तर असतं, निम्मं काढ. ते कुणालाच आवडत नाही. पण आता सगळ्यांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथेच एकदा सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या बॅगा दोन धास्तींनी फुगतात. एक, सगळ्या फोटोंत तोच ड्रेस दिसला तर लोक काय म्हणतील. दुसरी, तिकडे आपल्या तोंडाला चालेल असं काही मिळेल का. रोमपुरतं बोलायचं तर दोन्ही फुकटच्या आहेत, आणि त्यांचं वजन उचलायचं असतं तुम्हालाच. जुन्या रोमच्या गल्ल्यांत सांपिएत्रिनी नावाचे काळे चौकोनी दगड बसवलेले आहेत. बसाल्टच तो, आपल्या सह्याद्रीचा भाऊबंद. दोन दगडांच्या फटीत चाक अडकलं की बॅग कलंडते, आणि ओढण्यापेक्षा उचललेली बरी असं होऊन जातं. त्यातून मुक्काम जुन्या इमारतीत असेल तर लिफ्ट नसते. असली तर दोन माणसं खेटून उभी राहतील एवढीच. तिसऱ्या मजल्यावर तेवीस किलो चढवून बघा, मग सांगा मला कुर्त्यांवरच्या मॅचिंग चपलांबद्दल.

कपडे मोजकेच घ्या, सुती किंवा लिनन. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर असतो, जीन्स अंगाला चिकटते. धुण्याचं म्हणाल तर कपड्यांच्या साबणाची एक वडी आणि चार हात नायलॉनची दोरी. रात्री पिळून टाकलेला टॉप सकाळी कडकडीत वाळलेला असतो. कपड्यांचा प्रश्न मिटला.

पण एक ओढणी घ्याच. सुती, मोठी, अंगभर येणारी. व्हॅटिकनला सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, दारावरचे लोक सरळ परत पाठवतात. हा नियम बाप्यांनाही आहे, तेव्हा नवरोबांची बर्म्युडा त्या दिवशी खोलीवरच. रांग उन्हात असते, चांगली लांबलचक. बाहेर फेरीवाले पातळ स्कार्फ घेऊन फिरत असतात, कारण बिनबाह्यांचे टॉप घालून आलेल्यांची तिथे कधीच कमी नसते. तीच ओढणी रांगेत डोक्यावर, ट्रेनच्या गारठ्यात अंगावर आणि बागेत बसताना खाली. एवढं काम करणारी दुसरी वस्तू यादीत नाही.

पायात मुरलेले बूट हवेत. प्रवासासाठी म्हणून आदल्या आठवड्यात घेतलेले नवे कोरे बूट म्हणजे फोडांना आमंत्रण. कोल्हापुरी माझा जीव की प्राण, पण तिचा गुळगुळीत चामडी तळ त्या झिजून चकचकीत झालेल्या दगडांवर सटकतो. खोलीत घालायला घ्या हवी तर.

बाटली एकच, रिकामी, न फुटणारी. काचेची कोलोझियमच्या आत नेऊ देत नाहीत. शहरभर सुमारे अडीच हजार नळ आहेत, 1874 पासून बसवत आलेले. लोखंडी खांबाला वाकडी तोटी, तिच्या आकारावरून त्याला नासोने म्हणतात, म्हणजे मोठ्ठं नाक. पाणी चोवीस तास वाहतं, गार असतं आणि बिनधास्त प्यावं. वाकून तोंड लावायची गरज नसते. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार कमानीसारखी उडते, ती तोंडात झेलायची. पहिल्यांदा दाबाल तेव्हा धार नाकात जाणार, हे गृहीत धरा. बाटलीत टाकायला ओआरएसच्या पुड्या मात्र इथूनच न्या. वजन काही नाही आणि दुपारी दोनला फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, भग्न खांबांमधून फिरताना सावली शोधून सापडत नाही.

आता खाण्याचं. इथे माझं आणि सासूबाईंचं कधीच जमलं नाही. त्यांच्या मते परदेश म्हणजे उपासमार. वस्तुस्थिती अशी की टर्मिनी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एस्क्विलिनोचा बाजार आहे, तिथे डाळ, तांदूळ, हिरवी मिरची सगळं मिळतं. आसपास बांगलादेशी आणि भारतीय दुकानंही आहेत. शिवाय शाकाहाऱ्यांना कापून वजनावर मिळणारा पिझ्झा आहे, भाज्या आहेत, पास्ता आहे. (कट्टर असाल तर चीज विचारून घ्या. पेकोरिनो रोमानो या चीजमध्ये कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा रस, वापरतात.) तेव्हा मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या, दुपारच्या प्रवासापुरत्या दशम्या न्या आणि तिथेच थांबा.

थांबा म्हणते कारण काही गोष्टी नेताच येत नाहीत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, घरचं तूप, सगळं बाद. आणि तिकडच्या भाच्यासाठी हापूसची पेटी? तीही नाही. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. केळं चालतं आणि हापूस चालत नाही, याचं दुःख मी समजू शकते. कढीपत्त्याच्या ताज्या काड्याही कागदात गुंडाळून चोरून नेऊ नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपल्याच विमानतळावर चेक-इन बॅगेतून काढून ठेवतात, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून.

एक नाजूक विषय, जो सगळ्यांच्या मनात असतो आणि कुणी विचारत नाही. टमरेल. न्यायची गरज नाही. इटलीत 1975 च्या सरकारी नियमानुसार घराच्या निदान एका बाथरूममध्ये बिडे (बसून धुण्यासाठीचं नळ असलेलं भांडं) असावंच लागतं, त्यामुळे घर भाड्याने घेतलं तर सोय असते, हॉटेलांतही बहुधा असते. पुढे पॅरिसला जाणार असाल तर मात्र प्लास्टिकचा मग खुशाल टाका, मी हसणार नाही.

विजेचं सोपं आहे. व्होल्टेज आपल्यासारखंच, 230. मोबाईलचा दोन गोल पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो. लॅपटॉपची जाड तीन पिनांची वायर बसत नाही, तिच्यासाठी एक अडॅप्टर. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकलीत तर काढायला लावतील.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि तीही हातातल्या बॅगेत. चष्मा असेल तर जुना जोड सोबत. व्हिसासाठी काढलेल्या विम्याचा कागद (किमान 30,000 युरोंचा लागतो तो) छापून ठेवा, फक्त मोबाईलवर नको. कोलोझियमच्या तिकिटावर नाव असतं, तेव्हा ओळखपत्र लागतं. आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं फक्त देशात चालतील अशीच येतात. मेट्रोच्या गेटवर रांग अडवून बँकेच्या कस्टमर केअरचं संगीत ऐकत उभं राहायचं नसेल तर हे घरीच उरका.

पैसे आणि पासपोर्ट पुढे लटकणाऱ्या चेनच्या पिशवीत, पाठीवरच्या सॅकमध्ये नाही. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे.

राहिली छत्री. उन्हासाठी छत्री उघडलेली बघून तिकडचे लोक जरा चमकतात. चमकू देत. आपल्या आज्या मे महिन्यात काळी छत्री घेऊन बाजाराला जायच्या त्या काही वेड्या नव्हत्या. घडीची, हलकी, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात.

यादी पाठवायची असेल तर पाठवा, पण ड्रेसचे फोटो नकोत.