समुद्राला लागून बंगला बांधायचाय? मग परवानगी तेवढी मागू नका

गुहागर, दापोली, मालवण, कुठेही जागा घेतलीत आणि समोर समुद्र दिसतोय म्हणजे अर्धं काम झालं. आता एकच पथ्य, कुणाला काही विचारायचं नाही. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांची, अधिसूचना 1991 ला आली, मग 2011 ला नवी, मग 2019 ला आणखी नवी, पण प्रत्येक वेळी सापडला कोण, तर जो कागद घेऊन ऑफिसात गेला तो.

आमच्या शेजारच्या आबांचंच घ्या ना. रापणीचं जाळं ओढण्यात जन्म गेला, घर बापजाद्यांपासूनचं किनाऱ्यावर, वादळात कौलं उडाली, वासे कुजलेलेच होते, तर म्हणाले रीतसर करूया. झालं! भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत येता, घर 1991 च्या आधीचं असल्याचा पुरावा आणा, जुनी घरपट्टीची पावती आणा, सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा. हिस्सेदार निम्मे मुंबईला, एक नालासोपाऱ्याला आहे म्हणतात पण तो गणपतीलाही येत नाही, दोघे वारले त्यांची वारसनोंद नाही. आबा अजून ताडपत्रीखाली.

बरं, 2019 च्या नियमात दाट वस्तीच्या गावांना 200 चे 50 मीटर केलेत, पण दाट म्हणजे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं, तीही 2011 च्या जनगणनेप्रमाणे. आमच्या वाडीत एवढी गर्दी फक्त शिमग्याला होते आणि जनगणना काय शिमग्यात होत नाही.

तेव्हा तुम्ही आबांच्या वाटेला जाऊच नका. शुक्रवारी संध्याकाळी जेसीबी बोलवा, सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत जोतं तयार पाहिजे. कोणी विचारलं तर शेतघर म्हणायचं. शेतघराला स्विमिंग पूल कशाला? अहो शेततळं आहे ते, टाइल्स निळ्या लावल्या म्हणून काय झालं. कांदळवन मधे येत असेल तर तोडू मात्र नका हां, गुन्हा आहे तो. नुसता भराव टाका, भरतीचं पाणी अडलं की आपोआप वाळतं, निसर्गापुढे कुणाचं चालतंय?

नोटीस येईल. येऊ द्या. बंगला उभा आहे याचा तो पहिला सरकारी पुरावा, फाइलला लावून ठेवा. लाइटचं बिल येतंच असतं, घरपट्टी तर ग्रामपंचायत अनधिकृत बांधकामाला पण लावते, म्हणजे बघता बघता तुमच्याकडे आबांपेक्षा जास्त कागद जमतात (आणि हे मी गंमत म्हणून नाही सांगत).

मग दोन-तीन पावसाळ्यांनी लाटा कंपाउंडला लागायला लागल्या की लगेच निवेदन द्या, गावाला समुद्राचा धोका आहे, सरकारने तातडीने धूपप्रतिबंधक बंधारा बांधावा. सह्या वाडीतल्या लोकांच्या घ्या, पहिली आबांची.