मावशी, ते पत्रक डब्यातून बाहेर काढ

गेल्या रविवारी न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे गेले, तर रिसायकलिंगच्या डब्यात सगळ्यात वर तिच्या भागातल्या काँग्रेस सदस्याचं रंगीत पत्रक पडलेलं. (इथली, म्हणजे अमेरिकेतली, काँग्रेस म्हणजे संसद.) घडीसुद्धा उलगडलेली नव्हती. "अगं, ते सगळं पक्षाचं असतं. ग्रुपवर आलंय, वाचलं नाहीस का?"

वाचलंय. तीन मराठी ग्रुपांवर वाचलं, शिवाय पुण्याहून काकांनीही पाठवलं. त्यात म्हटलंय की अमेरिकेतले खासदार तिकिटाऐवजी नुसती सही करून फुकट टपाल पाठवतात, त्यामुळे टपाल खातं बुडालं. या पत्रांतून ते उघड मतं आणि देणग्या मागतात, त्याला कायद्याची आडकाठी नाही. याच कारणासाठी एक खासदार तुरुंगात गेला. आणि शेवटी सल्ला: पत्र न वाचता फेका, त्यांच्या ऑफिसात फोन केलात तर नाव पक्षाच्या यादीत जातं.

सहीचं खरं आहे. या सवलतीला फ्रँकिंग म्हणतात. फ्रँकिंग म्हटलं की आपल्याला मुद्रांक शुल्काचा शिक्का आठवतो, पण इथं तिकिटाच्या जागी सदस्याची सही छापलेली असते आणि पुढं 'एम. सी.' (मेंबर ऑफ काँग्रेस) ही अक्षरं. सवलत जुनी आहे, १७७५ पासूनची. पण 'फुकट' कुठून आलं? टपाल खात्याला त्याचे पैसे संसद मोजते, आणि सदस्याच्या ऑफिसला वर्षाला जो ठरावीक निधी मिळतो त्यातून ते जातात. १९८८ मध्ये हा खर्च ११ कोटी ३४ लाख डॉलर होता, नंतर तो बराच उतरला. टपाल खातं तोट्यात गेलं ते पत्रं कमी झाल्यामुळे आणि २००६ च्या कायद्यामुळे. निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी दरवर्षी सुमारे ५५० कोटी डॉलर आगाऊ बाजूला काढायची सक्ती त्या कायद्यानं केली होती. आकडे शेजारी ठेवून बघा.

'कायदाच नाही' हे तर धडधडीत खोटं. अमेरिकी संहितेच्या ३९ व्या भागातलं कलम ३२१० कुणीही ऑनलाइन वाचू शकतं. स्वतःसाठी, दुसऱ्या कुणासाठी किंवा पक्षासाठी पाठिंबा, मत, पैसा मागणारं काहीही या सहीवर पाठवता येत नाही. सणाचं शुभेच्छापत्रसुद्धा नाही, बायकोच्या नावानं शुभेच्छा नाहीत. एकसारखी ५०० पेक्षा जास्त पत्रं म्हणजे सामूहिक टपाल, आणि ते निवडणुकीआधी ६० दिवस बंद. प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, तर असं टपाल छापण्याआधी दोन्ही पक्षांच्या सदस्यांच्या आयोगाकडून तपासून घ्यावं लागतं.

तुरुंगात गेलेले डॅन रोस्टेनकोस्की. त्यांच्या प्रकरणात गाजला तो संसदेच्या पोस्ट ऑफिसातला तिकिटांचा आणि रोख रकमेचा घोळ. सहीवरच्या पत्रांशी त्याचा संबंध नाही.

आता, मनाविरुद्ध का होईना, एक मान्य करते. पत्रकावर हसरा फोटो असतो, 'मी तुमच्यासाठी लढलो' असतं, आणि ६० दिवसांची बंदी लागायच्या तोंडावर टपालपेटी भरते. हा प्रचारच आहे, फक्त मत मागितलेलं नसतं. कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात न्यायालयानंही पदावर असलेल्याला याचा फायदा होतो हे मानलं, पण सवलत घटनाबाह्य ठरवण्याइतकं सिद्ध झालं नाही म्हणून खटला फेटाळला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. त्याआधी तर फार वाईट घडलंय. १९४० च्या सुमारास जॉर्ज व्हीरेक हा जर्मनीचा पगारी प्रचारक भाषणं संसदेच्या कामकाजात घुसवायचा आणि त्यांच्या प्रती खासदारांच्या सहीवर गठ्ठ्यांनी देशभर जायच्या. खासदार हॅमिल्टन फिश यांच्या ऑफिसातल्या कारकुनाला त्या प्रकरणात खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा झाली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला टीकाच करायची होती, तर हे लिहायचं होतं.

पण माझा राग आहे तो शेवटच्या सल्ल्यावर. सरकारी खात्यात काम अडकलं तर सदस्याचं ऑफिस मदत करतं, आणि अशा मदतीसाठी आलेल्यांची यादी प्रचाराला वापरायला नियमानं मनाई आहे. तुम्ही कुणाला मत देता, मुळात मतदार आहात का, हे मदत देताना बघायचं नसतं. आणि ही मदत कोणाला लागते? व्हिसा, पेन्शन, पासपोर्ट अडकलेल्या आपल्याच माणसांना. मावशीचा एक अर्ज एका सरकारी कार्यालयात चौदा महिने पडून आहे. दर आठवड्याला ती फोन लावते, पाऊण तास संगीत ऐकते आणि फोन ठेवते.

डब्यातलं पत्रक मी काढून टेबलावर पसरलं. मागच्या पानावर, खाली, चौकटीत लिहिलं होतं: 'सरकारी खात्यात काम अडकलंय? आम्हाला कळवा.' खाली स्थानिक ऑफिसचा नंबर. मावशीनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. सोमवारी तिनं फोन केला. तिच्या वतीनं चौकशी करायला संमतीचा एक पानी फॉर्म लागतो, तो सही करून पाठवलाय. पक्ष कोणता, हे कुणी विचारलं नाही.