फुकट रेशननं मजूर आळशी झाले म्हणे, या जरा हिशोब करू

कापूस फुटायला लागला की आपल्याकडच्या गावागावाच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच, हात जोडलेले इमोजी लावून. थोडक्यात असा की कंट्रोलचं, म्हणजे रेशन दुकानाचं, धान्य फुकट केलं म्हणून मजूर माजले, वेचायला बाया भेटत नाहीत, हे सगळं आमच्या टॅक्सवर चाललंय, वाटावाटीनं गरिबी जात नसते, आधी विकास होऊ द्या मग हक्काचं पाहू. मी पण कास्तकारच आहे, वेचणीचे पैसे मोजताना माझाही जीव वरखाली होतो, पण हा मेसेज एकेक वाक्य घेऊन पाहिला तर त्यात टिकण्यासारखं फार काही उरत नाही.

पहिलं म्हणजे फुकट धान्य. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे, त्यात प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरटी 35 किलो. जानेवारी 2023 च्या आधी हेच धान्य तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलोनं भेटायचं. म्हणजे पाच जणांच्या घराला 25 किलो, सगळा तांदूळच धरा, तरी 75 रुपये झाले. फुकट झाल्यानं त्या घराचे महिन्याला जास्तीत जास्त 75 रुपये वाचले बावा, आणि तेवढ्यावर अख्खं घर काम सोडून ओट्यावर जाऊन बसलं? तेल, डाळ, तिखट-मीठ, दवाखाना, पोरीच्या कॉलेजचा एसटी पास, मोबाईलचा रिचार्ज, यातलं काय कंट्रोलमधे भेटतं? नोबेलवाले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सोबतच्यांनी तर सहा देशांतल्या सात योजनांचा डेटा तपासला होता, गरिबांच्या हातात रोख पैसे दिले तर ते काम कमी करतात का हे पाहायला, आणि तसं काही दिसलं नाही.

आणि एक गोष्ट ग्रुपवर कोणीच काढत नाही. आत्महत्याग्रस्त म्हणून जे 14 जिल्हे धरले, त्यातल्या केशरी कार्डवाल्या, म्हणजे या कायद्याच्या यादीत न बसणाऱ्या, शेतकऱ्यांना 2015 पासून हेच 2-3 रुपये किलोचं धान्य मिळत होतं. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, वर्धा, सगळे त्यात. नंतर 2023 मधे धान्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात टाकायचं ठरलं. ते घेऊन आपल्यातला कोणता कास्तकार आळशी झाला, नाव सांगा.

मग मजूर का भेटत नाही? कारण सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, हरभऱ्याची पेरणी हे सगळं एकावर एक येतं, प्रत्येकाच्या वावरात एकाच आठवड्यात बोंडं फुटतात, वेचणी अजून हातानंच होते आणि गावातली तरणी पोरं पुण्याला नाहीतर नागपूरच्या एमआयडीसीत गेलेली. भाव चढणारच. आपल्याला तो भाव परवडत नाही हे शंभर टक्के खरं, पण त्याचं कारण मजुराच्या पिशवीतल्या तांदळात शोधू नका, 2025 मधे ऐन हंगामाच्या तोंडावर कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं तेव्हा हे मेसेजवाले कुठं होते?

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. घरात महिनाभराचे दाणे असले की बाई वेचणीचा भाव सांगते, पटला नाही तर दुसऱ्याच्या वावरात जाते. आधी तसं नव्हतं, चूल पेटवायची तर जो देईल ती रोजी घ्यावी लागायची. लोकांना खरं जे खुपतंय ते हे आहे, आळशीपणा वगैरे नुसतं म्हणायला. 1982 मधे दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती आणि मजुरांना किमान मजुरी मिळत नव्हती, ती केस सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा कोर्टानं म्हटलं की भुकेपायी नाइलाजानं कोणी किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबत असेल तर ती पण सक्तीची मजुरीच, घटनेच्या कलम 23 मधे बसते. म्हणजे गरिबी नुसती खिसा रिकामा असण्याची नसते, समोरच्याला नाही म्हणता न येण्याचीही असते, आणि त्या 25 किलोनं तेवढी सोय केली. बायांच्या निंदणाच्या रोजीचं तर बोलूच नका, समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 मधेच झाला होता आणि बांधावर अजून दोन भाव चालतात.

टॅक्सचं लवकर आटपतो. साबणाच्या वडीवर जीएसटी मजूर पण भरतो. आणि पगारदारांचा म्हणाल तर व्यवसाय कर 1975 मधे आपल्या राज्यात आणला तोच मुळात रोजगार हमीला पैसा उभा करायला, शहरातल्या पगारातून खेड्यात काम निघावं म्हणून. 1972 च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला गेले आणि जगले, त्यावरूनच पुढं 1977 चा रोजगार हमी कायदा झाला.

राहिलं ते "आधी विकास, मग हक्क". गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची, तेव्हा 372 कोटींचा अंदाज होता, आता आकडा हजारो कोटींत. गावं उठली, आणि ज्यांनी घरदार दिलं ते नीट पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. उलट गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव पाहा. जंगल तेच, बांबू तोच, पण तोडायचा हक्क कागद कारखान्याचा होता आणि गावानं काडी उचलली तर चोरी. 2009 मधे वनहक्क कायद्याखाली साधारण 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तरी वनखातं बांबूचा वाहतूक परवाना देईना. एप्रिल 2011 मधे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं, आणि मग गावानं स्वतः बांबू विकला. इथं हक्क आधी आला आणि पैसा त्याच्या मागून.

कंट्रोलमधे भानगडी नाहीत असं मी म्हणत नाही. निंदणानं घासलेल्या बोटांचा थम (अंगठा) मशीनवर लागत नाही, म्हाताऱ्या बाया खेटे घालतात, धान्य काळ्या बाजारात जातं. त्यावर मेसेज बनवा, मी स्वतः शंभर ग्रुपवर टाकतो. त्याच 2013 च्या कायद्यात लिहिलंय की हक्काचं धान्य दिलं नाही तर सरकारनं भत्ता द्यायचा. तुमच्या गावात तो कोणाला मिळाला असेल तर कमेंटमधे सांगा, अर्ज कुठं केला ते पण लिहा.