सरकारी छतावरचं सोलर ‘शोभेचं’ का ठरतं?

सरकारी इमारतींवर सौर संच सक्तीचे करण्याविरुद्ध एक मेसेज गटागटांत फिरतोय. शनिवार-रविवार कचेरी बंद, म्हणजे वीज वाया, पावसाळ्यात वीज तयारच होत नाही, लाइट गेली की सोलरही बंद, स्लॅब गळतो, आणि दोन वर्षांत सगळं भंगार. यातलं काही खोटं आहे, काही खरं. खरं आहे त्याचं कारण मात्र मेसेजवाल्यांनी भलतीकडेच शोधलंय.

‘सुट्टीची वीज वाया.’ महाराष्ट्रात राज्य सरकारी कार्यालयांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे वर्षाला 104 शनिवार-रविवार. 10 किलोवॅटचा संच सरासरी दिवसाला 40 युनिट देतो असं धरलं, तर सुट्ट्यांचे 4,160 युनिट झाले. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, असेल तर ते ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, जातात आणि बिलातून वळते होतात. वाया जातात ते नेट मीटरचा अर्ज रखडला आणि ठेकेदार इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारं यंत्र) ‘झिरो एक्स्पोर्ट’वर, म्हणजे ग्रिडमध्ये काहीच न सोडण्यावर, लावून मोकळा झाला तर. मग रविवारच्या कडक उन्हात इन्व्हर्टर वॉचमनच्या पंख्यापुरतीच वीज बनवतो. उरलेल्या पाच दिवसांचं बोलायचं तर कचेरी पावणेदहा ते सव्वासहा चालते, म्हणजे ऊन आणि वापर एकाच वेळी. दुपारी कुलूप लावलेल्या घरापेक्षा हे गणित चांगलं.

‘पावसाळ्यात शून्य.’ कोकणात जुलैचं उत्पादन एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास येतं, शून्य होत नाही. रोजच्या 40 युनिटांच्या सरासरीत पावसाळा धरलेलाच आहे. उलट मे महिन्याबद्दल कोणी बोलत नाही. पॅनेलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घट होते. चंद्रपूरच्या उन्हात पॅनेलमधला सेल 65 अंशांवर गेला की 14 टक्के गेलेच. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवायचं नाही, खालून वारा खेळला पाहिजे.

‘लाइट गेली की बंद.’ खरं आहे, आणि तसंच हवं. खांबावर लाइनमन चढलेला असताना छतावरून वीज लाइनमध्ये गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि अत्यावश्यक जोडण्यांसाठी वेगळा डीबी (वीज वाटणारा बोर्ड) लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीचा फ्रिज आणि प्रसूतिगृह यांच्यासाठी हा खर्च करावाच. छत्तीसगडमध्ये ‘क्रेडा’ या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने आरोग्य केंद्रांना बॅटरीसह सौर संच दिले आहेत. अख्ख्या तहसील कचेरीला बॅटरी म्हणजे उधळपट्टी.

‘स्लॅब गळतो.’ गळतो तो कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफ थरात, ड्रिल मारल्यामुळे. अँकर बोल्ट ब्रिकबॅट कोबा फोडून खाली गेला की वॉटरप्रूफिंग तिथेच संपलं. सपाट छतावर स्ट्रक्चर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करावं, पण ते वजन आणि वाऱ्याचा जोर स्लॅब पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्यावं. जुन्या कौलारू कचेऱ्यांचा नाद सोडावा. पार्किंग शेड उभारून त्यावर पॅनेल टाकावेत.

‘दोन वर्षांत भंगार.’ पॅनेल इतक्यात मरत नाही. इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांनी बदलावा लागतो, तो खर्च सुरुवातीलाच धरावा. दोन वर्षांत बंद पडलेल्या संचावर चढून पाहिलं तर धुळीचा थर दिसतो, टाकीची सावली नेमकी एका स्ट्रिंगवर (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेवर) पडलेली असते, डीसी बॉक्समधला फ्यूज उडालेला असतो, किंवा पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या, अर्धवट दाबलेल्या एमसी4 कनेक्टरमध्ये पाणी शिरल्यामुळे पहिल्या पावसातच इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन फॉल्ट’ (वीज गळत असल्याचा इशारा) दाखवून थांबलेला असतो. बोअरच्या जड पाण्याने भर दुपारी धुतलेल्या काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात. मऊ पाणी घ्यावं आणि सकाळी धुवावं.

आमचा आक्षेप सक्तीवर नाही, सक्ती किलोवॅटमध्ये मोजण्यावर आहे. पॅनेल बसले, फोटो निघाला, बिल पास. त्याऐवजी देखभालीचं पेमेंट युनिटांना बांधा, किंवा रेस्को पद्धतीने संच कंपनीचाच ठेवून युनिटमागे पैसे द्या. मग फ्यूज उडाला की कंपनीच धावत येते. महिन्याच्या युनिटांना किलोवॅटने भागून आकडा नोटीस बोर्डावर लावा. फेब्रुवारीत तो 100 च्या खाली दिसला तर कोणाला तरी छतावर पाठवायलाच हवं. आणि संच ताब्यात घेताना इन्व्हर्टरच्या ॲपचा लॉगिन कार्यालयाच्या नावावर करून घ्या. बहुतेक ठिकाणी तो ठेकेदाराच्या मोबाइल नंबरवरच राहून जातो.