शितावरून भाताची परीक्षा

गेले चार दिवस मी चहाबरोबर पुड्यातला ब्रेड गिळतो आहे, कारण फोंड्याच्या आमच्या वसाहतीत भोंपू वाजवत येणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, ‘८९ टक्के लोकमताने’ फाटकाबाहेर रोखण्यात आले आहे. हे लोकमत व्हॉट्सॲपवर रात्री अकराला मागवले गेले आणि पहाटे सहाला मिटले. घरे साठ, मते १९, त्यांतली १७ भोंपूच्या विरोधात.

जाब विचारायला गेलो, तेव्हा हा पोल टाकणारे शेजारचे भाई झोपाळ्यावर बसून चहात गरम उंडो पाव बुडवत होते.

“भाई, १९ जण म्हणजे वसाहत?”

“वसाहत कसली, समस्त गोंयकारांचा कौल आहे हा! शितावरून भाताची परीक्षा करतात.”

“भात ढवळून शीत काढतात, भाई. तुम्ही तळाची खरवड काढलीत. भोंपूने ज्याची झोपमोड होते तो रात्री अकराला तावातावाने मत देणार. ज्याला पाव हवा तो पहाटे उठायचे म्हणून दहालाच आडवा झालेला. शिवाय एक मत दुबईहून आले आहे.”

“त्यांचा फ्लॅट आहे इथे.”

“दुबईत भोंपू ऐकू येतो?”

“सुट्टीवर आले की येतो ना!”

“आणि हा उंडो?”

“मी पहाटे फिरायला जातो, फाटकावरच घेतो. तिथे भोंपू कशाला हवा?”

१९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली, हे मी भाईंना सांगून पाहिले. “त्यांच्याकडे व्हॉट्सॲप कुठे होते?” असे म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली. चिठ्ठ्या टाकून निवडलेली हजार माणसे अख्ख्या देशाचा कल तीनेक टक्क्यांच्या फरकाने सांगू शकतात, तेव्हा आकडा लहान असणे हा गुन्हा नव्हे. स्वतःहून धावत आलेल्यांनाच जनता म्हणणे हा गुन्हा आहे, हे माझे वाक्य त्यांच्या फुरक्यांत बुडाले.

याच गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या प्रश्नावर तीन लाखांहून अधिक लोकांनी केंद्रावर जाऊन मत दिले आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने निकाल लागला. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना त्या वेळी मत नव्हते. आमच्या पावाबाबत मात्र दुबईला आहे, आणि ज्याच्या भोंपूवर मतदान झाले तो पोदेर त्या ग्रुपवरही नाही.

आज लुंगी सावरत फाटकापर्यंत धावलो, तर सायकल वळणाआड गेलेली. पलीकडच्या वाड्यावरून तिचा भोंपू अगदी स्वच्छ ऐकू येत होता.